‘राजी’चा जमाखर्च : पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओचं प्रकरण

१८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या ‘इंडी वर्ल्ड’ या, छोट्या स्वतंत्र स्टुडिओंच्या (इंडी) गेमसाठीच्या ऑनलाइन कार्यक्रमात एका भारतीय गेमची झलक दाखवली गेली. हातात त्रिशूळ घेतलेली मुलगी, मागे झरोके, छत्र्या, कमानी आणि सोबत दुर्गा व विष्णू यांचा संवाद. नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’. घोषणा झाली त्याच दिवशी गेम निन्टेन्डोच्या स्विच या गेम-यंत्राच्या ऑनलाइन दुकानात विक्रीलाही आला. बनवणारा स्टुडिओ पुण्याचा, नॉडिंग हेड्स गेम्स.

स्विच हे यंत्र मात्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्याच माणसाला पहिले दोन महिने खेळायचा असेल, तर बाहेरून मागवलेला किंवा ग्रे मार्केटमधून (अनधिकृत बाजारातून) घेतलेला स्विच आणि दुसऱ्या देशाचं खातं लागायचं. पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो १५ ऑक्टोबरला आला. यावर तेव्हा बरीच नाराजी व्यक्त झाली. मला विचाराल तर त्या पैशात, त्या वेळी, तोच निर्णय शहाणपणाचा होता. का, ते समजायला आधीची तीन वर्षं उलगडावी लागतात.

सुरुवात

नॉडिंग हेड्स २०१७ मध्ये उभा राहिला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तीन संस्थापक. गेमची रचना सिंग यांच्याकडे, कलादिग्दर्शन घोष यांच्याकडे. गेम उद्योग पुण्याला नवा नव्हता. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा मोठा स्टुडिओ २००८ पासून शहरात आहे, आणि बाहेरच्या कंपन्यांच्या गेमसाठी मॉडेलं, टेक्स्चरं, ॲनिमेशन करून देणारी आउटसोर्सिंगची कामंही इथे मुबलक. त्यामुळे हात तयार असलेली माणसं शहरात होती. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कल्पनेचा, कन्सोलवर (स्विच-प्लेस्टेशनसारख्या गेम-यंत्रावर) पैसे मोजून विकत घ्यावा लागेल असा गेम करणारे मात्र अगदी थोडे. भारतात पैसा होता तो मोबाइल गेममध्ये, आणि तिथला हिशोबच वेगळा : गेम फुकट, कमाई जाहिरातीतून किंवा आतल्या खरेदीतून.

‘राजी’ची कल्पना या सगळ्याच्या उलट दिशेची. प्राचीन भारताच्या धर्तीवरची काल्पनिक दुनिया. देव आणि असुर यांचं युद्ध पुन्हा पेटलेलं. राखीच्या दिवशी राजीचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात, आणि कसरतीच्या खेळांत वाढलेली ही पोरगी त्याला शोधायला निघते. देव तिला शस्त्रं देतात, आधी त्रिशूळ, पुढे शारंग धनुष्य. खेळायची पद्धत अशी, की भिंतीवर धावायचं, खांबाला गिरकी घ्यायची, कड्यांवरून लोंबकळत पुढे सरकायचं आणि मध्ये मध्ये असुरांच्या टोळ्यांशी लढायचं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळून मोठी झालेली पिढी इथे स्वतःला लगेच ओळखते. इंजिन, म्हणजे गेम ज्याच्यावर बांधतात ते तयार सॉफ्टवेअर, अनरिअल ४.

एक कोटीची वर्गणी

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टुडिओने किकस्टार्टर या, लोकांकडून आगाऊ वर्गणी जमवायच्या संकेतस्थळावर मोहीम उघडली. मागणी १,२०,००० पौंडांची. किकस्टार्टरचा नियम ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा आहे. ठरलेल्या मुदतीत लक्ष्य गाठलं तरच लोकांच्या कार्डावरून पैसे कापले जातात. लक्ष्य गाठलं गेलं नाही. हातात आला शून्य.

आता हा आकडा थोडा उलगडून बघू. तेव्हाच्या दराने १,२०,००० पौंड म्हणजे साधारण एक कोटी रुपये. त्यातून किकस्टार्टरचे ५ टक्के आणि पैसे वळते करण्याचे आणखी ३ ते ५ टक्के गेले असते. उरले नव्वद लाखांच्या थोडे वर. दहा माणसांचा चमू धरा. पगार, भाडं, वीज, संगणक मिळून माणशी महिन्याला पंचाहत्तर हजार धरा. महिन्याला साडेसात लाख, वर्षाला नव्वद लाख. (पगाराचे आणि माणसांचे आकडे माझ्या अंदाजाचे, स्टुडिओचे नव्हेत.) म्हणजे मोहीम पूर्ण यशस्वी झाली असती तरी एका वर्षाची सोय झाली असती. गेमला त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं लागली. त्यातून मोहिमेत पैसे भरलेल्यांना द्यायची बक्षिसं, पोस्टर, टी-शर्ट, आर्टबुक, टपालखर्च, हे वेगळंच.

हा हिशोब मांडला की मोहीम फसली म्हणून हळहळ वाटते तितकी वाटत नाही. हजारो लोकांना पैसे घेऊन तारीख दिली असती आणि एका वर्षात तिजोरी रिकामी झाली असती, तर स्टुडिओला पुढच्या दारावर जाताना ते ओझंही सोबत न्यावं लागलं असतं.

ती फसली का? माझ्या मते तीन गोष्टी होत्या. एक, स्टुडिओच्या नावावर आधीचा एकही गेम नव्हता. २०१२ मध्ये डबल फाइन या अमेरिकन गेम स्टुडिओच्या मोहिमेत ३३ लाख डॉलर गोळा झाले तेव्हाचा भाबडेपणा २०१७ पर्यंत ओसरला होता. रखडलेल्या, बंद पडलेल्या प्रकल्पांनी लोक सावध झाले होते. दोन, मागणी धड इकडची ना तिकडची. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीने ‘हॉलो नाइट’साठी ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते आणि त्यांना ५७,००० च्या वर मिळाले. हाताने काढलेला सपाट, द्विमितीय गेम, तीन-चार माणसं, तेवढ्यात होईल हे पटण्याजोगं होतं. त्रिमितीय ॲक्शन गेमला मात्र जाणकार प्रेक्षक लगेच म्हणतो, एवढ्यात हे होणार नाही, आणि न जाणकार म्हणतो, एवढे कशाला हवेत!

तिसरी गोष्ट जास्त बोचते. या विषयाशी ज्यांचं सर्वांत जवळचं नातं, त्या भारतीय खेळाडूंसाठीच इथे पैसे देणं सर्वांत अडचणीचं होतं. परदेशी चलनात चालणारं कार्ड हवं, रक्कम पौंडांत, आणि वस्तू मिळणार दोन-तीन वर्षांनी, मिळाली तर. मोहीमसुद्धा भारतातून उघडता येत नव्हती, कारण किकस्टार्टर ज्या देशांतल्या निर्मात्यांना परवानगी देतं त्यांत भारत नाही. आपल्याकडे गणपतीची वर्गणी दारात येऊन, पावती फाडून जमते. ती जमते कारण मागणारा गल्लीतला असतो. इथे गल्लीच दुसऱ्या खंडात होती.

मात्र मोहिमेने एक काम केलं. त्या निमित्ताने ट्रेलर झाला, जगाची ओळख पटेल अशी चित्रं झाली, परदेशी संकेतस्थळांनी बातम्या केल्या. प्रकाशकाला दाखवायला जे लागतं, त्यातलं बरंचसं तयार झालं.

मधली दरी

२०१८ चं वर्ष या प्रकरणातलं खरं अवघड वर्ष. संस्थापकांपैकी एकाने स्टुडिओ चालू ठेवण्यासाठी स्वतःचा फ्लॅट विकला. ही गोष्ट पुढे ‘राजी’बद्दलच्या जवळपास प्रत्येक लेखात आली आणि दर वेळी तिला शौर्यकथेचा रंग दिला गेला. मला हा रंग आवडत नाही. घर विकून गेम करणं ही भांडवल उभारण्याची पद्धत नव्हे. बाकीच्या सगळ्या पद्धती बंद असल्याची ती खूण आहे. बँक या धंद्याला कर्ज देत नाही, कारण तारण काय ठेवणार? गुंतवणूकदार मोबाइलवरचे रोजचे खेळाडू मोजतो, आणि एकदाच पैसे घेऊन विकला जाणारा पाच तासांचा गेम त्याच्या कोष्टकात बसत नाही. भारतीय स्टुडिओंना हात देणाऱ्या योजना, म्हणजे सोनीचा ‘इंडिया हिरो प्रोजेक्ट’ आणि क्राफ्टन या कोरियन कंपनीचा इनक्युबेटर, आल्या २०२३ मध्ये. २०१८ मध्ये पुण्यात बसून दार ठोठावायला दारंच नव्हती.

दोन दारं बाहेरच्या देशांत उघडली. अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या ‘अनरिअल डेव्ह ग्रँट्स’ या योजनेतून स्टुडिओला अनुदान मिळालं. या योजनेत पाच हजारांपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत रक्कम दिली जायची आणि तिच्या बदल्यात एपिक हिस्सा, हक्क किंवा परतफेड यातलं काहीच मागत नसे. हेतू साधा होता, आमच्या इंजिनावर चांगलं काम दिसावं. छोट्या स्टुडिओसाठी अशा पैशाची किंमत रकमेपेक्षा मोठी असते, कारण पुढच्या वाटाघाटीत ‘एपिकने यांना निवडलं’ हे वाक्य वापरता येतं.

मग सुपर.कॉम हा प्रकाशक आला. प्रकाशक काय करतो, हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं म्हणून सांगतो. तो आगाऊ पैसे देतो, पण टप्प्याटप्प्याने : अमुक महिन्यात अमुक पातळी (गेमचा टप्पा) खेळता येईल अशी हवी, ती तपासून झाली की पुढचा हप्ता. त्याशिवाय चाचणी, भाषांतर, प्रत्येक कन्सोलच्या तांत्रिक अटी पार करणं, जाहिरात, दुकानांशी बोलणी. बदल्यात विक्रीतून आधी त्याचा खर्च वसूल होतो, नंतर वाटणी. पंचवीस डॉलरच्या गेममधून दुकानाचा ३० टक्के वाटा आधीच गेलेला असतो. उरलेल्या साडेसतरा डॉलरमधून प्रकाशकाची वसुली, इंजिनाची रॉयल्टी, कर. वर सवलतीत विकलेल्या प्रती. स्टुडिओच्या हातात एका प्रतीमागे काय येत असेल, ते वाचकाने स्वतःच ताडावं.

स्विचवर आधी येण्याचं गणित इथे बसतं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दर आठवड्याला शेकड्यांनी गेम येतात. अनोळखी स्टुडिओचा गेम पहिल्या पानावरून काही तासांत खाली सरकतो. निन्टेन्डोच्या कार्यक्रमात मात्र मोजकेच गेम दाखवले जातात आणि जगभरचे खेळाडू, पत्रकार ते थेट बघतात. जाहिरातीला पैसा नसलेल्या स्टुडिओला ही जागा मिळत असेल, तर दोन महिने इतरांना थांबवणं ही त्याची किंमत. भारतातला खेळाडू त्यात मागे राहिला हे खरं. पण त्या काळात कन्सोल किंवा पीसीवर पूर्ण किंमत मोजणारा खेळाडू इथे इतका थोडा होता, की त्याच्या भरवशावर स्टुडिओला पुढचं वर्ष काढता आलं नसतं.

पैसा कुठे लावला

या प्रकरणात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते गेमच्या रूपात. हा गेम गरीब दिसत नाही, आणि तो का दिसत नाही हे बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट कॅमेरा. ‘राजी’त कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. तो वरून, थोडा तिरका, ठरलेल्या जागी असतो आणि राजी पुढे गेली की आपोआप सरकतो. खेळाडूला वाटतं ही जुन्या वळणाची शैली आहे. स्टुडिओच्या बाजूने बघितलं तर ही प्रचंड बचत आहे. कॅमेरा फिरवता आला असता तर प्रत्येक इमारतीची मागची बाजू, छताचा खालचा भाग, दारामागची खोली, सगळं बांधावं लागलं असतं. ठरलेला कॅमेरा असला की जे दिसणार तेवढंच करायचं. आणि प्रत्येक चौकट चित्रकाराने रचल्यासारखी करता येते : अगदी पुढे काळोखी कमान, मध्ये इवलीशी राजी, मागे दरीपलीकडचा किल्ला. गेममध्ये अशी दृश्यं जागोजागी येतात आणि लोक थांबून स्क्रीनशॉट घेतात. त्यांचं श्रेय जितकं कलेला तितकंच कॅमेरा बांधून ठेवण्याला.

दुसरी गोष्ट रंग. दिशा घेतली पहाडी लघुचित्रांची. त्या चित्रांत उजेड एका बाजूने येऊन सावल्या पाडत नाही; रंग सपाट, कडा रेषेने धरलेल्या, तपशील नक्षीत. त्रिमितीय इंजिनाचा स्वभाव नेमका उलटा. त्याला सूर्य हवा, सावली हवी, चकाकी हवी. त्यामुळे फोटोवरून घेतलेले दगड-माती न वापरता हाताने रंगवलेले पोत वापरायचे, उजेड बराचसा रंगातच भरून टाकायचा आणि इंजिनाला आवर घालायचा, असं काम करावं लागतं. त्याला वेळ लागतो, पण महागडी यंत्रणा लागत नाही; लागतो तो तयार हात. आणि हातच पुण्यात उपलब्ध होते. शिवाय फोटोसारखं दिसण्याच्या शर्यतीत छोटा स्टुडिओ दोन वर्षांत जुना दिसू लागतो. लघुचित्रासारखं दिसणारं जुनं होत नाही.

तिसरी, वास्तू. राजस्थानी किल्ले-हवेल्यांची रचनाच पुनरावृत्तीची. एकाच नमुन्याचे झरोके ओळीने, एकाच मापाचे खांब, कमानीमागून कमानी. गेम बनवताना पातळ्या सुट्या भागांच्या संचातून जुळवतात, आणि कुठल्याही सामान्य शहरात ती पुनरावृत्ती डोळ्यांना खुपते. इथे ती मुळातच शोभते. हा योगायोग होता की हिशोब, सांगता येणार नाही, पण मला तो हिशोबच वाटतो.

आणि चौथी, गोष्ट सांगण्याची रीत. गेममधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर आहेत. पडद्यामागे दिवा, पुढे काळ्या आकृत्या, सांध्यांवर हलणारे हातपाय. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्या अशाच पडद्यामागे खेळवतात, त्यामुळे मराठी डोळ्याला हे परकं वाटत नाही. त्रिमितीय चेहऱ्यांचे हावभाव आणि ओठांची हालचाल जुळवणं हे छोट्या स्टुडिओला सहसा परवडत नाही, आणि ओढूनताणून केलं तर हसू येतं. बाहुलीला चेहरा हलवावाच लागत नाही. त्याच तर्काने बराचसा कथाभाग दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून येतो. ते वरून बघताहेत, एकमेकांशी बोलताहेत, आणि आपण खेळत राहतो. भिंतींवरच्या चित्रांपाशी राजी थांबली की त्या चित्रातली पुराणकथा ऐकू येते. मंडलासारखी चक्रं फिरवून जुळवली की गोलूच्या आठवणी उमटतात. प्रत्येक ठिकाणी युक्ती एकच : जिथे पैसा लागतो तिथे परंपरेतला एखादा स्वस्त आणि सुंदर प्रकार बसवायचा.

जिथे लावला नाही

गेम आला तेव्हा चित्रं, वास्तू, वातावरण यांना जगभरातून दाद मिळाली. तक्रारीही जवळपास सगळ्यांच्या सारख्या : लढाई जड वाटते, उड्या कधीकधी फसतात, गेम चार-पाच तासांत संपतो, आणि संपतो तोही अर्ध्यावर तोडल्यासारखा.

लढाई हा प्रकार चित्रकाराच्या हाताने सुटत नाही. फटका मारल्यावर शत्रू किती मागे जातो, किती क्षण गोठतो, आवाज कधी येतो, मधेच चुकवता येतं की नाही, हे सगळं हजारो वेळा खेळून, सेकंदाच्या भागांत मोजून बसवावं लागतं. शस्त्रं तीन-चार, त्यांना वीज-अग्नी अशा शक्तींची जोड, आणि प्रत्येक जातीच्या असुरासाठी वेगळी हालचाल असं वाढवत गेलं की कामाचा गुणाकार होतो. इथे आउटसोर्सिंगमधला अनुभव कमी पडतो, कारण मॉडेल करून देणाऱ्या स्टुडिओत कुणी लढाईचा ताल जुळवायला शिकत नाही. ते शिक्षण फक्त स्वतःचे गेम पूर्ण करून मिळतं, आणि हा पहिलाच गेम होता.

शेवटाबद्दल मी जरा कडक आहे. असुरांचा राजा महाबलासुर याच्याशी गाठ पडते आणि गोष्ट एका अशा ठिकाणी थांबते, की खेळाडूला आपण फसवलो गेलो असं वाटतं. पैसे संपत आले की पातळ्या कापाव्या लागतात हे मान्य. पण मधली पातळी कापली तर कुणाला कळत नाही. शेवट कापला तर सगळ्यांना कळतो. पाच तासांच्या गेममधला एक तास आणखी काढून, उरलेल्याला नीट शेवट दिला असता तर परीक्षणांचा सूर बदलला असता असं मला अजूनही वाटतं.

तरीही २०२० च्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम इंडी गेमसाठीच्या पाच नामांकनांत ‘राजी’ होता. पुरस्कार ‘फॅस्मोफोबिया’ला मिळाला.

त्या ऑगस्ट-सप्टेंबरात देशातही वारं तापलं होतं. ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी भारतीय विषयांवर भारतात कॉम्प्युटर गेम बनवा असं आवाहन केलं, दोन सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली, आणि ‘राजी’चं नाव उदाहरण म्हणून घेतलं जाऊ लागलं. त्याच महिन्यात युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती पुणे-मुंबईचे स्टुडिओ करत असल्याचं जाहीर केलं, २०२२ मध्ये ते काम कंपनीच्याच मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. मोठ्या कंपनीच्या शाखेत पगार वेळेवर होतो, पण काम कुणाकडे राहील हे शाखा ठरवत नाही. नॉडिंग हेड्सने काहीही गमावलं असो, ‘राजी’ त्यांच्याकडून कुणी काढून घेतला नाही.

आणि त्याचा फायदा २०२२ मध्ये दिसला. त्या वर्षी सुधारित आवृत्ती आली, आधी घेतलेल्यांना मोफत. दुर्गा आणि विष्णू यांचे संवाद नव्याने केले, कथाप्रसंग सुधारले, लढाईवर हात फिरवला, आणि संपूर्ण हिंदी आवाज आला. मूळ गेम इंग्रजीत बोलत होता. देवांच्या तोंडी ते इंग्रजी ऐकताना इथल्या बऱ्याच खेळाडूंना अडखळायला झालं होतं, तक्रार पहिल्या दिवसापासून होती. आधी हिंदी का नाही, याचं उत्तर पुन्हा तेच : पहिल्या आवृत्तीचा पैसा आणि प्रसिद्धी बाहेरून येणार होती, तेव्हा आवाजही बाहेरच्या कानांसाठी भरला गेला. हिंदी आली ती विक्री झाल्यावर.

२०२५ मध्ये स्टुडिओने पुढचा भाग जाहीर केला, ‘राजी : कलियुग’. तुटलेल्या शेवटाचं काय करायचं हे आता त्यांना सोडवावं लागेल, आणि या वेळी परीक्षण लिहिणारा आधी लढाई कशी झाली तेच बघेल.